मोज्यावरचा डाग: चवड्यावरच्या एका घट्ट्याचं प्रकरण

त्यांना कुरूप काढून घ्यायचं होतं, एवढंच. वय ५६, शाळेत शिक्षक, दिवसाचे पाच-सहा तास उभ्याने शिकवणं, मधुमेह १४ वर्षांचा. उजव्या पायाच्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, बऱ्याच महिन्यांपासून घट्टा होता. दर दोन-तीन आठवड्यांनी कॉर्न कॅप लावायची, मऊ झालेली साल सोलायची आणि पुन्हा कामाला लागायचं, असा त्यांचा क्रम. या वेळी पत्नी सोबत होत्या. येण्याचं खरं कारण त्यांनीच सांगितलं: धुवायला काढलेल्या मोज्यावर दोनदा तपकिरी डाग दिसला होता.

"दुखतं का, सर?"

"अजिबात नाही. म्हणून तर हिला म्हणत होतो, एवढी घाई कशाला."

पायांच्या दवाखान्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटायला लावणारं उत्तर हेच. बुटात खडा गेला तर आपण दुसऱ्या पावलाला लंगडतो आणि पाचव्या पावलाला बूट काढतो. ते लंगडणंच पायाला वाचवतं. ज्याला दुखत नाही तो लंगडत नाही. तो त्याच जागेवर, त्याच जोराने, संध्याकाळपर्यंत चालत राहतो.

मी नेहमी दोन्ही पाय उघडे करायला सांगतो आणि बूट टेबलावर मागून घेतो. सरांच्या उजव्या बुटातल्या अस्तरावर अंगठ्याच्या मुळाखाली काळपट खळगा पडला होता. बाकीचं अस्तर जवळपास कोरं. उभं करून मोजलं तर पाऊल २६.८ सेंटिमीटर आणि बुटाची आतली लांबी २७.१. बूट पावलापेक्षा आतून एक ते दोन सेंटिमीटर लांब असावा लागतो. इतका आखूड बूट का, असं विचारल्यावर म्हणाले, मोठा घेतला की पायात काही घातलंय असं वाटतच नाही. संवेदना गेलेल्या पायांच्या बाबतीत हे फार वेळा दिसतं. मापाचा बूट त्यांना सैल वाटतो, आवळणारा बूट 'बसल्यासारखा' वाटतो, आणि दुकानात जाणवण्यावरच निवड होते.

पाय कोरडे, टाचांना भेगा, बोटं किंचित आकड्यासारखी वळलेली. पायांवरच्या शिरा फुगलेल्या आणि पाय हाताला छान उबदार. ही ऊब फसवी असते. घाम आणि रक्तवाहिन्यांचं आकुंचन सांभाळणाऱ्या नसा कामातून गेल्या की घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, आणि रक्त सूक्ष्म वाहिन्यांना वळसा घालून थेट शिरांमध्ये जातं. पाय गरम लागला म्हणून तो निरोगी आहे असं समजून चालत नाही. घट्टा पिवळसर, रुपयाएवढा, आणि त्याच्या मध्यावर काळसर-तपकिरी ठिपका. हा ठिपका म्हणजे घट्ट्याच्या खाली झालेला रक्तस्राव. मोज्यावरच्या डागाचा उगम सापडला होता.

मग संवेदनेची तपासणी. यासाठी नायलॉनचा एक तंतू असतो, दहा ग्रॅम जोर पडला की वाकणारा. रुग्णाने डोळे मिटायचे आणि तंतू टेकला की 'हो' म्हणायचं. अंगठ्याच्या टोकाला, आणि चवड्यावर पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या हाडाच्या डोक्याखाली मी तंतू टेकवला. उजव्या पायाच्या चारही जागा झाल्या, डाव्याच्याही झाल्या. एकदाही 'हो' आलं नव्हतं. मी तंतू खाली ठेवला तेव्हा सरांनी डोळे मिटूनच विचारलं, "सुरू केलंत का?"

पत्नींनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी खोलीत जे समजलं ते मला तासभर बोलूनही समजावता आलं नसतं. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क दोन्ही अंगठ्यांवर ठेवला, कंपनही कळलं नाही.

ब्लेड हातात घेण्याआधी रक्तपुरवठा पाहणं मला अनिवार्य वाटतं. रक्त पोचत नसेल तर आपण साफ केलेली जखमही भरत नाही, उलट मोठी होते. पायावरची आणि घोट्यामागची, दोन्ही नाड्या लागत होत्या. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब हे गुणोत्तर निघालं १.४१. सर्वसाधारण मर्यादा ०.९ ते १.३. जास्त आलं म्हणजे चांगलं, असं इथे नाही. मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम बसतं, त्या दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटा फुगतो. म्हणून अंगठ्याचा दाब घेतला: ९६, दंडाचा १३२, गुणोत्तर ०.७३. अंगठ्याच्या बारीक धमन्यांत हा कडकपणा सहसा कमी असतो, त्यामुळे या आकड्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. जखम भरण्याइतकं रक्त पोचत होतं.

घट्टा काढायला भूल लागली नाही. तेवढ्यावरूनही बधिरता किती आहे ते कळतं. वरचा कडक थर निघाल्यावर खाली पांढरी, भिजल्यासारखी मऊ कातडी लागली. ही कॉर्न कॅपची करामत. त्यातलं सॅलिसिलिक आम्ल मृत कातडी विरघळवतं, पण मृत कुठे संपली आणि जिवंत कुठे सुरू झाली हे त्याला कळत नाही. संवेदना शाबूत असलेला माणूस आग व्हायला लागली की पट्टी काढून फेकतो. सरांना आग झालीच नव्हती. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या कोणीही ही पट्टी वापरू नये. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो आणि सांगत राहीन.

तीन मिलिमीटरचा ठिपका साफ केल्यावर १४ बाय ११ मिलिमीटरची, तीन मिलिमीटर खोल जखम समोर आली. निर्जंतुक धातूची सळई तळाला टेकवून पाहिली, हाड लागलं नाही. एक्स-रे स्वच्छ होता. तरी तीन आठवड्यांनी तो पुन्हा काढायचा असं त्याच दिवशी लिहून ठेवलं, कारण हाडातला संसर्ग साध्या एक्स-रेवर दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. कडेला लाली नाही, सूज नाही, पू नाही, वास नाही. म्हणून प्रतिजैविक दिलं नाही.

पत्नींना हे पटेना. "एवढी जखम आणि गोळी नाही?"

"संसर्ग असता तर आजच सुरू केली असती, वहिनी. नसताना दिली तर जखम लवकर भरत नाही, आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध चालेनासं होऊ शकतं. ही जखम जंतूंनी केलेली नाही."

मग कशाने केली? त्याचं उत्तर पावलापेक्षा वर, पोटरीत होतं. सरांना झोपवून, गुडघा सरळ ठेवून घोटा वर वाकवला. पाऊल काटकोनापर्यंतही येत नव्हतं, तीन अंश कमी पडत होते. गुडघा वाकवला तर तेच पाऊल काटकोनाच्या पुढे आठ अंश आलं. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वर सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो. म्हणजे आखडलेला होता तो हाच. अंगठ्याचा मुळाचा सांधा २५ अंशांच्या वर वळत नव्हता. चालताना पाऊल मागून उचलतो त्या क्षणी हा सांधा साधारण ४० ते ६५ अंश वळावा लागतो. मग हात जोडायला सांगितले. दोन्ही तळवे एकमेकांना टेकेनात, बोटांमध्ये फट राहिली. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की ती कोलेजनच्या धाग्यांना चिकटते, त्यांना एकमेकांशी बांधून टाकते, आणि कातडी, अस्थिबंध, स्नायूबंध सगळेच ताठ होतात. हातात दिसलं ते पायातही घडलेलं असतं.

हे सगळं एकत्र करून सरांची चाल पाहू या. पाऊल जमिनीवर आहे आणि शरीर त्याच्यावरून पुढे सरकतंय. त्यासाठी घोटा वाकायला हवा. तो वाकत नाही, म्हणून टाच वेळेआधीच उचलली जाते. टाच उचलली की सगळं वजन चवड्यावर, आणि तेही जास्त वेळ. आता अंगठा वळला असता तर भार पुढे सरकला असता. तोही वळत नाही. मग अंगठ्याच्या मुळाचं हाड जमिनीत रुतवूनच शरीर पुढे जातं. प्रत्येक पावलाला. कातडी आपल्या परीने बचाव करते, म्हणजे जाड होते. आणि ती जाडीच बुटात टणक वस्तू होऊन खालच्या मऊ भागाला चिरडते. केवळ घट्टा काढल्याने त्या जागेवरचा कमाल दाब सुमारे पाव हिश्शाने उतरतो. पण कारण तसंच राहिलं तर घट्टा परत येतो, आणि सर गेले कित्येक महिने तोच परत परत सोलत होते.

पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना हे फार पूर्वी दाखवून दिलं. हाता-पायांची झीज रोग स्वतः करत नाही, वेदना गेल्यामुळे रोजच्या साध्या हालचालीच ती करतात. मधुमेही पायाची आजची बरीचशी चिकित्सा त्या निरीक्षणावर उभी आहे. मला हा वारसा मोलाचा वाटतो, म्हणून नव्या सहकाऱ्यांना मी जखमेची मलमं शिकवण्याआधी हे सांगतो.

उपचार म्हणजे तिथून भार काढणं. चवड्याच्या अशा जखमेसाठी पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला काढता न येणाऱ्या साधनाला: पायाच्या आकाराला तंतोतंत बसणारं प्लास्टर, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, किंवा काढता न येईल असा बांधलेला वॉकर बूट. त्यात घोटा हलत नाही आणि चवड्यावरचा बराच भार पोटरीच्या आणि उरलेल्या तळव्याच्या पृष्ठभागावर वाटला जातो. सरांनी मान हलवली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, परीक्षा जवळ, आंघोळीची अडचण. "काढता येणारा द्या. मी शब्द देतो, घालीन." शिक्षकाचा शब्द होता आणि मला तो खरा वाटला. तो खोटा नव्हताही. मी काढता येणारा वॉकर दिला. जखमेवर साधं न चिकटणारं फोमचं ड्रेसिंग.

दोन आठवड्यांनी जखम १३ बाय ११. जवळपास जिथल्या तिथे. कडेला पुन्हा कडक पांढरं कडं धरलं होतं, आणि भार निघालेल्या पायाला असं कडं धरत नाही. वॉकरचा तळ पाहिला, फारसा झिजलेला नव्हता.

"शाळेत घालतो की रोज. घरी आलो की काढतो. घरात काय, चार पावलं."

आम्ही तिघांनी बसून त्या चार पावलांचा हिशेब मांडला. सकाळी उठून न्हाणीघर, स्वयंपाकघर, दार उघडायला, पेपर आणायला, वह्या तपासताना उठबस, रात्री दोनदा लघवीला. दीड हजाराच्या आसपास पावलं निघाली, तीही अनवाणी, फरशीवर. सरांनी कागद स्वतःकडे ओढून बेरीज पुन्हा केली.

हे काही सरांचंच वैशिष्ट्य नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या कमरेला आणि त्यांना न सांगता वॉकरला, असे दोन्हीकडे पावलं मोजणारे मापक बसवले होते. दिवसातल्या एकूण पावलांपैकी वॉकर घालून टाकलेली पावलं निघाली फक्त २८ टक्के. हा अभ्यास मला माहीत होता. तरी पहिल्या भेटीत मी घराबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. शाळेचं वेळापत्रक विचारलं, जिने विचारले, घर सोडून दिलं. ते दोन आठवडे माझ्या चुकीमुळे गेले, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

मग तोच वॉकर पायात घालून वरून फायबरग्लासची पट्टी गुंडाळली, म्हणजे तो घरी काढता येणार नाही. असा बांधलेला वॉकर जखम भरण्याच्या बाबतीत कास्टच्या तोडीचा ठरतो. डाव्या बुटाला उंची लावली, नाहीतर वॉकरमुळे एक पाय लांब होतो आणि कंबर धरते. काठी दिली. शाळेने तळमजल्यावरचे वर्ग दिले आणि सर खुर्चीत बसून शिकवू लागले. वहिनींना कागदावर लिहून दिलं: वास आला, ताप आला, साखर विनाकारण चढली, मांडीला किंवा जांघेत दुखलं, वॉकर सैल किंवा घट्ट झाला, तर वेळ न पाहता फोन करायचा. पहिल्यांदा तीन दिवसांनी उघडला, मग दर आठवड्याला.

पहिल्या आठवड्यानंतर कड्याचा कडकपणा गेला. १४३ चौरस मिलिमीटरची जखम दुसऱ्या आठवड्यात ८२ वर आली, चौथ्यात ४० वर. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याहून खाली आलं तर जखम भरण्याची शक्यता चांगली असते, नाही आलं तर मी पुन्हा पहिल्यापासून तपासतो: रक्तपुरवठा, हाड, भार. दुसरा एक्स-रेही स्वच्छ आला. सातव्या आठवड्यात जखम बंद झाली. वॉकर आणखी दोन आठवडे ठेवला, कारण वरून मिटलेली कातडी तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. साखरेचं काम त्यांच्या फिजिशियनने केलं, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.२ वरून तीन महिन्यांत ७.८ झालं. ड्रेसिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच होतं.

पोटरीचं काय करायचं यावर मी बराच विचार केला. शस्त्रक्रियेने टाचेमागचा स्नायूबंध लांब करता येतो. चवड्याच्या जखमा असलेल्यांमध्ये फक्त कास्ट आणि कास्टसोबत ही शस्त्रक्रिया यांची तुलना झाली आहे: दोन वर्षांत जखम पुन्हा होण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८१ टक्के, दुसऱ्यात ३८. फरक मोठा आहे. पण स्नायूबंध जास्त लांबला तर भार टाचेवर जातो, आणि टाचेची जखम चवड्याच्या जखमेपेक्षा कितीतरी हट्टी असते. सरांची ही पहिलीच जखम होती. आम्ही ठरवलं की आधी बूट आणि पोटरीचे सावकाश ताण, आणि जखम परत उघडलीच तर शल्यचिकित्सकाकडे.

नवे बूट खोल, पुढे रुंद, तळ कडक आणि पुढून होडीसारखा वर वळलेला. अंगठा वळायचं काम या वळणाने करायचं. आतल्या तळपट्टीत अंगठ्याच्या मुळाखाली खोलगट जागा ठेवली. तेवढ्यावर समाधान मानलं नाही, बुटात संवेदक घालून चालवून दाब मोजला. जुन्या बुटात ३४० किलोपास्कल होता. पहिल्या तळपट्टीत २४० आला, खोलगट जागा थोडी मागे सरकवल्यावर १९०. दोनशेच्या खाली किंवा निदान तीस टक्के घट हे आमचं लक्ष्य असतं. नजरेने ही तळपट्टी मी पहिल्याच फेरीत पास केली असती. आणि या वेळी घरात घालायचीही तशीच पादत्राणं बनवली, पलंगाशेजारी ठेवायला.

सरांना स्पष्ट सांगितलं की जखम बंद झाली आहे, पण पाय पूर्वीसारखा झालेला नाही. अशा रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांना वर्षाच्या आत आणि ६५ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा जखम होते. त्यामुळे दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी, घट्टा दिसला तर दवाखान्यातच काढायचा. टाचांना युरियाचं मलम, बोटांच्या बेचक्यांत नाही. मोजे पांढरे, म्हणजे डाग लगेच दिसेल. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. आणि रोज सकाळी दोन्ही तळव्यांवर सहा-सहा ठरलेल्या जागांचं तापमान. एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून जास्त गरम, आणि हे सलग दोन दिवस, तर चालणं कमी करून आम्हाला कळवायचं. वेदना जे काम करत होती त्यातलं थोडं काम थर्मामीटरवर सोपवता येतं. वहिनींनी वहीत रकाने आखले. आकडे लिहायचे सर.

अकराव्या महिन्यात सरांचा फोन आला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी फरक काल २.४, आज २.६. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला तीन दिवस उभे होते. जखम नाही, डाग नाही, आणि अर्थातच दुखतही नव्हतं.

"यायचं का, डॉक्टर?"

"आजच या, सर."

बुटातली तळपट्टी त्या जागी दबून पातळ झाली होती. पायावर तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा घट्टा. तो काढला, खाली कातडी गुलाबी आणि अखंड होती. तळपट्टी बदलली, पुन्हा मोजली, १८५. आठवडाभर पर्यवेक्षण नाही अशी चिठ्ठी दिली. पाचव्या दिवशी सरांनी आकडा कळवला, फरक ०.८.